पुण्यात घर घ्यायचंय, पण ऐकायचं कोणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर घेतोय असं नुसतं म्हणायची खोटी, पुण्यात सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. ऑफिसातला मित्र त्याने लॉकडाऊनच्या वर्षी घेतलेल्या फ्लॅटचे आकडे सांगतो, काका कोथरूडला कधी काळी काय भावाने घेतलं ते सांगतात, आणि व्हॉट्सॅपवर फिरणारा मेसेज कुठल्या साली लिहिलाय ते देवाला ठाऊक. यातला कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही हो, पण माहिती जुनी असते नाहीतर दुसऱ्याच हद्दीची असते, आणि आपण ती आपल्या फ्लॅटला लावून बसतो. म्हणून काहीही ऐकलं की आधी दोन प्रश्न विचारायचे: हे कधीचं, आणि हे कुठलं?

सगळी ताजी माहिती एकाच ठिकाणी मिळते का?

नाही मिळत. कारण ठरवणारे वेगवेगळे आहेत. स्टॅम्प ड्युटी आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भागवार किमान भाव) राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग बघतो (त्याचं मुख्य ऑफिस आपल्या पुण्यातच आहे), प्रोजेक्टची माहिती महारेराकडे (रेरा कायद्याखाली बिल्डरांवर लक्ष ठेवणारी राज्याची संस्था), सातबारा-फेरफार महाभूमी या सरकारी साइटवर, प्लॅन मंजुरी पीएमसी (पुणे महापालिका), पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका) किंवा पीएमआरडीए (त्यांच्या बाहेरच्या भागाचं विकास प्राधिकरण) यांपैकी ज्याची हद्द त्याच्याकडे, जीएसटी आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा आयकर) केंद्राचं, लोनचे नियम रिझर्व्ह बँकेचे. एजंट हे सगळं एका दमात सांगतो म्हणून तो बरा वाटतो. त्याचं ऐका, काही हरकत नाही, फक्त प्रत्येक आकडा ज्याच्या अखत्यारीतला आहे त्याच्या साइटवर जाऊन एकदा बघून घ्या.

नेटवर वाचलेलं जुनं आहे हे ओळखायचं कसं?

तारीख बघा हे तर झालंच, पण बऱ्याच लेखांवर तारीख नवी आणि आतला मजकूर जुना असतो. म्हणून काही खुणा सांगतो.

स्टॅम्प ड्युटी २ किंवा ३ टक्के लिहिली असेल तर तो मजकूर कोविडच्या काळातला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये २ टक्के होती आणि मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के, ती सवलत तेव्हाच संपली. पुणे शहरात सरसकट ६ टक्के लिहिलं असेल तर तो १ एप्रिल २०२२ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून १ टक्का मेट्रो सेस परत लागला. बाईच्या नावावर घर घेतलं तर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नाही असं लिहिलं असेल तर तेही जुनं, ती अट २०२३ मध्ये काढली. जीएसटी १२ टक्के दिसला तर एप्रिल २०१९ च्या आधीचा मजकूर. "पंतप्रधान आवास मधून २.६७ लाख मिळतात" हे तर अजूनही काही होर्डिंगवाले आणि एजंट बिनदिक्कत सांगतात, ती जुनी व्याज-सबसिडी मार्च २०२२ ला पूर्ण बंद झाली.

"लोन घ्या, टॅक्स वाचतो" हेही आता अर्धंच खरं. स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर २ लाखांची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही, आणि आता काही निवडलं नाही तर आपोआप नवीच लागते. त्यात नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यामुळे कलमांचे नंबरही बदललेत. घरखरेदीच्या टीडीएसला कोणी सीए अजून १९४-आयए (जुन्या कायद्यातलं कलम) म्हणत असेल तर तो चुकीचा माणूस आहे असं नाही, सवय असते, पण चलन भरताना नवा नंबर नि नवा फॉर्म बघूनच भरा.

मग आत्ता पुण्यात स्टॅम्प ड्युटी नक्की किती?

पीएमसी आणि पीसीएमसीच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ५, स्थानिक संस्था कर १ आणि मेट्रो सेस १, म्हणजे ७ टक्के. रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील आणि घर राहायचं असेल तर १ टक्का कमी. इथे लोक फसतात, नवऱ्याचं नाव दुसऱ्या नंबरवर जरी टाकलं तरी सवलत गेली.

समजा पीएमसीत ८० लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट आहे. ड्युटी ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी ४ लाख, म्हणजे करारातल्या किमतीवर ९ लाख ९० हजार नुसते सरकारला. एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर ड्युटीत ८० हजार वाचतात. टीडीएस १ टक्का वेगळा लागत नाही, तो बिल्डरला द्यायच्या पैशातूनच कापून भरायचा असतो (किंमत ५० लाख किंवा वर असेल तर), पण कापायची आणि भरायची जबाबदारी आपली, बिल्डरची नाही, आणि उशीर झाला की लेट फी आपल्यालाच. विकणारा परदेशात राहणारा असेल तर मात्र हा १ टक्क्याचा नियम नाही, तिथे कापायचं गणित फार मोठं आहे, सीए शिवाय हात लावू नका.

हिंजवडी, मारुंजी अशा महापालिकेच्या बाहेरच्या गावांत टक्का वेगळा बसतो, म्हणून शेजारच्या वाकडच्या मित्राचा आकडा तिकडे लावू नका. नोंदणी विभागाच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात गाव टाकून बघा.

रेडी रेकनर आणि करारातली किंमत वेगळी असेल तर?

दोन्हीपैकी जी जास्त तिच्यावर ड्युटी. दर साधारण १ एप्रिलला बदलतात, २०२३ आणि २०२४ ला बदलले नव्हते, २०२५ ला वाढले. म्हणून मार्चअखेर रजिस्ट्रार ऑफिसात जत्रा असते, आणि बिल्डरचे सेल्सवाले "सर ३१ मार्चच्या आत करून टाका" म्हणून डोकं खातात. तुमची करारातली किंमत रेकनरपेक्षा आधीच बरीच वर असेल तर त्या घाईला फारसा अर्थ नाही, पहिल्यांदा तेवढं तपासा.

या एरियात खरा भाव काय चाललाय हे कुठे कळेल?

प्रॉपर्टी साइटवर दिसतो तो मागितलेला भाव. झालेला भाव इंडेक्स टू मध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) असतो. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च म्हणून फुकट सोय आहे, जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा गट नंबर टाकला की त्या जागेवर नोंदलेले दस्त दिसतात, त्यात मोबदला लिहिलेला असतो. ज्या बिल्डिंगमध्ये घेताय तिथले मागच्या वर्षभरातले दोन-चार दस्त काढा, क्षेत्रफळाने भागा, आणि मग सेल्स ऑफिसात बोलायला बसा. साइट कधीकधी रुसते, कॅप्चा चारदा टाकावा लागतो, पण पूर्ण पुण्यात याच्यापेक्षा कामाची गोष्ट घर घेणाऱ्याला फुकटात मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

महारेरा नंबर आहे, म्हणजे प्रोजेक्ट सेफ ना?

नंबर म्हणजे बिल्डरने कागद जमा केलेत. ते कागद चांगले आहेत की नाहीत हे आपण वाचायचं. नंबर टाकून, किंवा जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून (ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर तो असावाच लागतो) प्रोजेक्टचं पान उघडा. पुण्याचे आधीचे नंबर पी५२१ ने सुरू होतात, नव्या प्रोजेक्टचे वेगळ्या पद्धतीचे असतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

पानावर पहिलं बघायचं ते प्रोजेक्ट पूर्ण करायची तारीख, आणि ती आधी किती वेळा वाढवलीय. सेल्सवाला "डिसेंबरला ताबा" म्हणतो आणि महारेराला त्याच बिल्डरने दोन वर्षं पुढची तारीख दिलेली असते, हा प्रकार इतका कॉमन आहे की विचारू नका. कायद्याने धरली जाते ती ॲग्रीमेंटमधली तारीख, म्हणून तिथे कोणती लिहिलीय तेही बघा. मग कोर्टकचेऱ्या, जागेवर कुठल्या फायनान्स कंपनीचा बोजा, टायटल रिपोर्ट, मंजूर नकाशा आणि सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) किती मजल्यांपर्यंतची आहे. तुम्ही १९ व्या मजल्यावर बुक करताय आणि सीसी ११ व्या पर्यंतच, असंही असतं. दर तीन महिन्यांनी बिल्डरला प्रगती टाकावी लागते, ती शेवटची कधी टाकलीय ते बघा, ती न टाकल्याबद्दल महारेराने प्रोजेक्ट स्थगितही केलेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, ५०० चौरस मीटरपेक्षा छोटा प्लॉट किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर रेराची नोंदणी लागत नाही. पेठांमधले छोटे रिडेव्हलपमेंट बरेचसे यातच बसतात. तिथे हे पान नसणार, म्हणून वकिलाचं काम दुप्पट.

बुकिंगला किती द्यायचे? रद्द केलं तर किती कापतात?

रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाहीत. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरप्रमाणे १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यानंतर २ टक्के. त्यामुळे चेक देताना साधी पावती घेऊन घरी येऊ नका, अलॉटमेंट लेटर मागा आणि त्यात हा तक्ता आहे का बघा. बिल्डरने नमुन्यात काय बदल केलेत तेही महारेराला दाखवावं लागतं.

सेलेबल एरियावर भाव सांगतायत, चालतं का?

नाही. सेलेबलमध्ये जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही धरलेला असतो, कार्पेटवरच बोला. रेराचा कार्पेट म्हणजे आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस सोडून. पुण्यात बाल्कनी-टेरेस मिळवून एकच आकडा सांगायची भारी सवय आहे, दोन्ही वेगवेगळे लिहून मागा.

आमचा फ्लॅट पीएमसीत येतो का पीएमआरडीएत, कसं कळणार?

हा प्रश्न पुण्यातच एवढा पडत असेल. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, जून २०२१ मध्ये आणखी २३ आली, त्यात वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी वगैरे. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. त्यामुळे फुरसुंगीचा २०१९ चा लेख वाचून "पीएमसीची हद्द आहे" म्हणाल तर पंचाईत. घराच्या पत्त्यावर पुणे लिहिलंय याला काही अर्थ नाही, मंजूर नकाशावर शिक्का कोणाचा आहे, सीसी कोणी दिलीय, तारीख कुठली, ते बघायचं. गाव हद्दीत यायच्या आधी ग्रामपंचायतीची परवानगी दाखवून बांधलेल्या बिल्डिंगी धायरी-आंबेगावकडे पायलीला पन्नास आहेत. तशी परवानगी मोठ्या इमारतीला पुरत नाही आणि बँकही बहुतेक वेळा लोन नाकारते. बँकेने नाही म्हटलं की एजंट "दुसऱ्या फायनान्स कंपनीतून करून देतो" म्हणतो, तिथेच उठायचं.

रेड झोन, पूररेषा, बीडीपी हे काय असतं आणि कुठे बघायचं?

रेड झोन म्हणजे लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या भोवतीचा प्रतिबंधित पट्टा. देहूरोड डेपोचा २,००० यार्डांचा, त्यात निगडी, तळवडेचे काही भाग येतात, आणि दिघीकडचा वेगळा. तिथे घरं स्वस्त दिसतात त्याचं कारण तेच.

नदीला दोन रेषा असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम नाही, दोघींच्या मधे अटी घालून परवानगी मिळते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं ते आठवत असेलच. रिव्हर व्ह्यू म्हणून जास्तीचे पैसे मागत असतील तर हा नकाशा आधी, व्ह्यू नंतर. आणि पावसाळ्यात एकदा जाऊन या, ब्रोशरमधे नदी कायम शांतच असते.

बीडीपी म्हणजे टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, बावधन-वारजे-कात्रज बाजूला डोंगरालगतचा प्लॉट असेल तर विचाराच.

तिन्हीसाठी कागद एकच मागायचा, झोन दाखला, आणि सोबत भाग नकाशा. सर्व्हे नंबर देऊन महापालिकेच्या बांधकाम किंवा नगररचना खात्यातून मिळतो. सहा महिन्यांपूर्वीचा जुना दाखला बिल्डरने दाखवला तर नवा काढा, खर्च किरकोळ आहे.

पाण्याचं काय?

बिल्डरला विचारून उपयोग नाही, शेजारच्या तयार सोसायटीच्या सेक्रेटरीला मे महिन्याचं टँकरचं बिल विचारा. महापालिकेचं कनेक्शन आहे असं सांगतात ते खरं असतं, पाणी येतं का हा वेगळा विषय.

गुंठेवारी प्लॉट स्वस्तात मिळतोय, "आता सगळं लीगल झालं" म्हणतायत.

तुकडेबंदीच्या (ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून जमीन विकायला बंदी) नियमांत राज्याने २०२५ मध्ये सवलती दिल्या हे खरं. पण ती सवलत कुठल्या भागातल्या, कधीपर्यंत झालेल्या व्यवहारांना लागू, याला अटी आहेत, आणि एजंट फक्त पहिलं वाक्य सांगतो. नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. सातबारा आणि फेरफार महाभूमीवरून स्वतः काढा, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, समोरच्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. इतर हक्कांत कोणाकोणाची नावं आहेत, कूळ लागलंय का, बिनशेती आदेश आहे का हे बघा, आणि तलाठ्याला (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) भेटून सरळ विचारा की या गटातल्या एका गुंठ्याची नोंद तुम्ही घेणार का. तो जे म्हणेल ते एजंटच्या दहा मेसेजपेक्षा खरं.

रिसेल घेतोय, काय काय मागू?

पहिल्यापासूनची सगळी ॲग्रीमेंटं साखळीने, प्रत्येकाचं इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), टॅक्स आणि लाइटबिल भरलेलं. मालकाचं लोन चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र. मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, परदेशातल्या मुलीचीसुद्धा, नुसतं नॉमिनेशन पुरत नाही. वकिलाला ३० वर्षांचा सर्च करायला सांगा आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. सोसायटीने ट्रान्सफरला २५,००० पेक्षा जास्त मागितले तर नियम दाखवा, डोनेशन म्हणून मागतील, तेव्हाही नियमच दाखवा. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीकडे देणारा दस्त) झालंय का हे मात्र बरेच जण विचारतच नाहीत, आणि पुढे रिडेव्हलपमेंटला नेमकं तेच अडतं.

बँक किती लोन देईल, व्याजाचा ताजा दर कुठे बघायचा?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५ टक्के, हे कमाल. यात स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे वरच्या ८० लाखांच्या फ्लॅटला १६ लाख मार्जिन अधिक सरकारचे ९ लाख ९०, मिळून २६ लाखांच्या आसपास हातात हवेत. लोक १६ धरून बसतात नि मग सोनं गहाण ठेवायची वेळ येते.

बँकांची फ्लोटिंग लोनं बहुतेक रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर) बांधलेली असतात. २०२५ च्या सुरुवातीला रेपो ६.५० होता, डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला, एका वर्षात सव्वा टक्का. म्हणून जुना ईएमआय तक्ता कामाचा नाही. बँकेला दर विचारू नका, रेपोच्या वर स्प्रेड किती ते विचारा, तोच पुढची वीस वर्षं तुमच्या मानेवर बसणार. लोन फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर बँकेच्या बाजूने असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

४५ लाखांच्या आतल्या घराला जीएसटी १ टक्का म्हणतात, आमचं कार्पेट ७० मीटर आहे, बसेल?

बसेल. ६० चौरस मीटरची मर्यादा मुंबईसारख्या ठरवलेल्या महानगरांना आहे. पुणे त्या यादीत नाही, म्हणून इथे ९० पर्यंत चालतं. बरेच मुंबईकर लेखक ६०च लिहितात. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाहीच.

म्हाडा आणि पंतप्रधान आवास?

म्हाडाचा अर्ज फक्त त्यांच्या साइटवर, त्यांनी कुठलाही एजंट नेमलेला नाही, "आतून करून देतो" म्हणणारा चोर समजा. नवीन आवास योजनेत (२.०) व्याजावर जास्तीत जास्त १.८० लाख, तेही हप्त्याहप्त्याने, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नको. पुणे शहरात ३५ लाखांत काय मिळतं ते तुम्हीच बघा.

वकील लागतोच का? बिल्डरचा आहे ना.

तो बिल्डरचा आहे.

ताबा लांबलाय, काय करायचं?

रेराच्या कलम १८ खाली दोन रस्ते, पैसे व्याजासकट परत, किंवा थांबायचं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेचा कर्जाचा आधारदर) २ टक्के. तक्रार ऑनलाइन, फी ५,०००. आधी सलोखा मंचात बसून मिटतंय का बघता येतं. आदेश मिळाला म्हणजे पैसे आले असं नाही, बिल्डरने दिले नाहीत तर वसुली कलेक्टर ऑफिसकडे जाते आणि तिथे चपला झिजतात, म्हणून चार फ्लॅटवाले मिळून पाठपुरावा केलेला बरा.

"फिट-आउटसाठी चावी घ्या" म्हणतायत, घेऊ?

फिट-आउट म्हणजे आतलं फर्निचरचं काम. आधी भोगवटा पत्र आलंय का विचारा. पार्ट कम्प्लीशन असेल तर तुमची विंग आणि तुमचा मजला त्यात आहे का ते वाचा. नसेल तर चावी घेतल्याची सही ताब्याची सही म्हणून पुढे वापरली जाते, आणि मग उशिराचं व्याज मागायला तोंड राहत नाही. ताबा घेतल्यापासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो, म्हणून ताब्याची तारीख कागदावर स्वच्छ असू द्या.

घर झालं, आता काही राहिलं का?

टॅक्सला नाव लावून घ्या आणि पीएमसीत स्वतः राहत असाल तर पीटी-३ फॉर्म भरा, त्याशिवाय मिळकतकरातली ४० टक्के सवलत मिळत नाही. लाइटबिलावरचं नाव महावितरणच्या साइटवरूनच बदलता येतं, इंडेक्स टू लागेल.